बारा हात, दोन डोळे आणि रात्रपाळी

'दो आँखें बारह हाथ' पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला झोप लागली होती. खाप्यातल्या शाळेच्या हॉलमध्ये पांढरी चादर टांगून तो दाखवला होता. त्यातली प्रार्थना आम्ही रोज सकाळी रांगेत उभे राहून म्हणायचो. त्यामुळे ती सुरू झाल्याबरोबर निम्मे पोट्टे सवयीने उभे राहिले आणि सरांनी ओरडून सगळ्यांना खाली बसवलं. मग मी झोपलो तो थेट बैलाच्या मारामारीला उठलो.

दुसऱ्यांदा तो सिनेमा मी फोनवर पाहिला. घरीच, खाटेवर पडून, कानात इअरफोन घालून. या दोन वेळांच्या मध्ये मी चौदा महिने एका निवासी संस्थेत रात्रपाळीचा काळजीवाहक होतो. संस्थेचं नाव, गाव काही सांगत नाही. तिथली मुलं आठ ते सतरा वर्षांची होती. काहींना घर नव्हतं, काहींना घरच्यांनी आणून सोडलेलं, काहींना बोलता यायचं नाही. दुसऱ्यांदा सिनेमा बघताना मला गाणं दिसलं नाही, बैल दिसला नाही. मी आकडे मोजत बसलो. कैदी सहा. जेलर एक.

आमच्याकडे मुलं चौतीस होती. रात्री दोघांनी असायचं, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात बहुतेक रात्री मी एकटा.

हा लेख सिनेमाबद्दल आहे, हे आधीच सांगतो. पण मी समीक्षक म्हणून लिहायला बसलो की माझे हात मध्ये येतात. या हातांनी मी मुलांना धरलंय, दाबलंय, आणि एकदा दुपट्ट्याने बांधलंय. त्यामुळे 'हात' हा शब्द सिनेमाच्या नावात आला, तरी तो मला नुसता नावातला वाटत नाही.

व्ही. शांतारामांचा हा १९५७ चा सिनेमा. कथा ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचं. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, १९५८ मध्ये बर्लिनला रौप्य अस्वल मिळालं. आदिनाथ नावाचा जेलर खुनाच्या गुन्ह्यातल्या सहा कैद्यांना तुरुंगातून बाहेर काढतो, एका ओसाड जमिनीवर नेतो आणि तिथे त्यांच्याकडून शेती करून घेतो. बेड्या नाहीत, भिंत नाही. आदिनाथ स्वतः शांतारामच. बैलाशी झुंज चित्रित करताना त्यांच्या डोळ्याला इजा झाली होती. डोळ्यांवर सिनेमा काढणाऱ्याच्या डोळ्यावरच आलं, हा योग सिनेमावाल्यांना फार आवडतो. मला तो फक्त योग वाटतो.

तर डोळे. या सिनेमाची खरी यंत्रणा डोळे आहेत. साखळी काढली की तिच्या जागी काहीतरी लागतं, आणि शांताराम तिथे जेलरची नजर ठेवतात. कैदी पळू बघतात तेव्हा त्यांना तीच नजर आडवी येते. जेलर मेल्यावरही ती जात नाही. लहानपणी हे मला देवासारखं वाटलं असतं, झोपलो नसतो तर. आता वाटतं, हे किती भीतीदायक आहे! बेडी निदान पायात असते. तिला वजन असतं, कुलूप असतं, ती कोणी घातली आणि कधी काढली हे विचारता येतं. नजरेला कुलूप नाही. ती कायमची बसते.

हे मी शांतारामांचा दोष म्हणून सांगत नाही. माणसाला बांधून न ठेवता ठेवायचं कसं, हा प्रश्न हिंदी सिनेमात इतक्या सरळपणे त्यांच्याइतका कोणी विचारला असेल असं मला वाटत नाही. अडचण उत्तरात आहे. उत्तर असं की एक संत शोधा. तो दिवसरात्र तिथेच राहील, त्याला सुट्टी नको, बदली नको, संसार नको. आणि शेवटी तो मरेल.

गंमत म्हणजे ज्या खऱ्या गोष्टीवरून हा सिनेमा आला ती अशी नाही. औंध संस्थानात १९३० च्या दशकाच्या शेवटी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. त्यामागे मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनिअर होता. तो इथे येऊन भारतानंद झाला. औंधचे राजे आणि त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांनी त्याचं ऐकलं. माडगूळकर त्याच मुलखातले, त्यांचं माडगूळ तिथून जवळच. स्वतंत्रपुरात कैदी शेती करायचे आणि बायकामुलांसह राहायचे. राजे गेले, संस्थान गेलं, फ्रीडमन गेला, पण वसाहत राहिली. आज ती महाराष्ट्राच्या तुरुंग खात्याकडे आहे.

म्हणजे खऱ्या गोष्टीत माणसं बदलली तरी व्यवस्था टिकली. सिनेमात व्यवस्था अशी दिसतच नाही. कोणाचं घरचं माणूस डोकावून जातं, खेळणी विकणारी चंपा येते, पण मध्यभागी एकच माणूस आणि त्याचे डोळे. पटकथेसाठी हे बरोबरच आहे. व्यवस्थेचा क्लोजअप घेता येत नाही. पण पुढची साठ-पासष्ट वर्षं आपण हाच क्लोजअप खरा मानत आलो. बालगृहाची, निरीक्षणगृहाची, मतिमंद मुलांच्या वसतिगृहाची चांगली बातमी म्हणजे कोणा बाबांची, ताईंची, गुरुजींची बातमी. वाईट बातमी म्हणजे कोणा राक्षसाची. रात्रपाळीला कोण होतं, किती जण होते, त्यांना काय शिकवलं होतं, हे दोन्ही बातम्यांत नसतं.

आता माझी रात्रपाळी.

तो मुलगा चौदा वर्षांचा. त्याचं नाव लिहिणार नाही. अशा मुलाची ओळख उघड करायला कायद्यानेही बंदी आहे. त्याला बोलता यायचं नाही. पण पाण्याचा तांब्या, खिडकी, भात या तिन्हींसाठी त्याचे तीन वेगळे आवाज होते आणि ते मला कळायचे. अधूनमधून तो डोकं भिंतीवर आपटायचा. सुरुवातीला हळू, मग जोरात, मग कपाळ फुटेपर्यंत. आधीच्या पाळीच्या काकांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. पालथा पाडायचा, हात मागे घ्यायचे, गुडघा पाठीवर ठेवायचा. "शांत होते दोन मिनिटात," ते म्हणाले. आणि खरंच व्हायचा.

तो का शांत होतो हे मला नोकरी सुटल्यानंतर कळलं. श्वास घ्यायचा तर बरगड्या फुगाव्या लागतात, पोट पुढे यावं लागतं. पालथ्या माणसाच्या पाठीवर वजन आलं की दोन्ही अडतं. मग तो हवेसाठी धडपडतो. आपल्याला वाटतं, अजून ऐकत नाही, म्हणून आपण आणखी दाबतो. नंतर तो थांबतो. आपण म्हणतो, शांत झाला. ज्या हालचालीला आम्ही 'दंगा' म्हणायचो त्यातली काही नुसती श्वासाची होती. आणि जो बोलू शकतो तो श्वास घेऊ शकतो, हा समजही चुकीचा आहे. आमच्या मुलाच्या बाबतीत तर तोही आधार नव्हता. तो काय सांगणार होता?

२००४ मध्ये इंग्लंडमधल्या रेन्सब्रुक नावाच्या बंदिस्त केंद्रात १५ वर्षांचा एक मुलगा असाच गेला. वजन साधारण ४१ किलो. सँडविचचा टोस्टर साफ करायला तो नाही म्हणाला, त्यावरून वाद वाढला. तिघांनी त्याला बसवून पुढे वाकवून धरलं. श्वास घेता येत नाही असं तो सांगत होता. धरण्याची ती पद्धत रीतसर शिकवली जायची, पुस्तकात तिला नाव होतं. त्याच्या मृत्यूनंतर ती बंद केली. १६ वर्षांनी, २०२० मध्ये, अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅलमझू इथल्या एका निवासी केंद्रात १६ वर्षांच्या मुलाने जेवताना सँडविच फेकलं. कर्मचारी त्याच्यावर सुमारे बारा मिनिटं होते. दोन दिवसांनी तो गेला. दोन्ही गोष्टींत सँडविच आहे हे मी मुद्दाम जुळवलेलं नाही. अशा बहुतेक गोष्टींची सुरुवात इतकीच क्षुल्लक असते. आमच्याकडे भात असायचा.

माझ्या हाताखाली कोणी मेलं नाही. हे वाक्य लिहिताना मला बरं वाटायला हवं. वाटत नाही, कारण त्यात माझं काहीच कौशल्य नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग धरायचंच नाही का? इथे मला सोपं उत्तर देता येत नाही आणि मी देणारही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत माटुंग्याच्या डेव्हिड ससून बालगृहात १६ वर्षांचा एक मुलगा तिथल्याच दुसऱ्या मुलांच्या मारहाणीत गेला. तिथे कोणीतरी वेळेवर मध्ये पडून हात धरायला हवे होते. मी स्वतः एका रात्री दोन पोरांना वेगळं केलं नसतं तर एकाचा डोळा गेला असता. एकाच्या हातात पट्ट्याचं बक्कल होतं. धरणं कधी लागतं, हे जो नाकारतो त्याने रात्रपाळी केलेली नाही. पण जो म्हणतो धरल्याशिवाय ही पोरं ऐकतच नाहीत, त्यानेही ती केलेली नाही. तो झोपलेला असतो किंवा सकाळी दहाला येतो.

मराठीत धरून ठेवण्याची दुसरी मोठी गोष्ट म्हणजे 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ती १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. म्हणजे आपल्या दोन्ही सुवर्णपदकी चित्रपटांना तुरुंगाचा वास आहे, एकाला विषयात आणि दुसऱ्याला जन्मात. त्यातला पोहण्याचा प्रसंग बहुतेकांना आठवतो. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो. आई त्याला फोडून काढते आणि विहिरीवर पाठवते. तो पोहायला शिकतो. नंतर पाठीवरचे वळ बघून तिच्याच डोळ्यांत पाणी येतं.

हा प्रसंग मी अनेकदा वाचला आहे आणि आजही माझा गळा दाटतो. म्हणूनच मला त्याच्याशी भांडायचं आहे. त्यात मारणं आणि रडणं यांची एक जोडी लागली आहे. रडणाऱ्याचं मारणं आपण माफ करतो, नुसतं माफ नाही, पूजतो. घरात ही जोडी निदान शक्य तरी असते, कारण मारणारी आणि वळ बघणारी बाई एकच असते. संस्थेत मारणारा सकाळी सहाला चार्ज देऊन घरी जातो. वळ दुसऱ्या पाळीच्या माणसाला दिसतात. त्याला वाटतं, पडला असेल. प्रसंगाचा दुसरा अर्धा भाग घडतच नाही, पण पहिल्या भागाला लागणारी परवानगी आपण त्या पुस्तकातून घेऊन ठेवलेली असते. आमच्या काकांनी पुस्तक वाचलं असेल असं वाटत नाही. पण "मायबापच तं हाओ आपन याइचे," हे ते नेहमी म्हणायचे. गुडघा पाठीवर ठेवतानासुद्धा.

भाषाही बघा. मुलाला 'आवरायचं', 'वठणीवर आणायचं', 'सरळ करायचं'. जणू तो पसारा आहे, वाकलेली तार आहे. बंद खोलीला आमच्याकडे 'आरामाची खोली' म्हणायचे. मी दुपट्टा वापरला तेव्हा माझ्या तोंडातून निघालं, "बाबू, थोडा वेळ बसव आता." बसव! मी त्याला खाटेला बांधत होतो.

यानंतर एक नवीन वाचन सुरू झालं आणि ते कादंबरीसारखं लागलं, ते म्हणजे कायदा. हसू नका. भाषा म्हणून वाचा. बाल न्याय कायदा, २०१५. कलम ८२ म्हणतं, संस्थेतल्या कोणी मुलाला शिस्त लावण्याच्या हेतूने शारीरिक शिक्षा केली तर पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड, पुन्हा केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कलम ७५ क्रौर्याबद्दल आहे, ते जास्त कडक आहे. सांभाळायची जबाबदारी घेतलेल्या संस्थेतल्या माणसाने क्रौर्य केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. वाचताना मी 'हेतू' या शब्दावर अडकलो. माझा हेतू शिस्त लावायचा नव्हता. मी घाबरलो होतो. कायद्याच्या व्याख्यांत शिक्षा आहे. नुसतं धरून ठेवण्याची व्याख्या मला तिथे सापडली नाही. माझी सगळी रात्रपाळी त्या न केलेल्या व्याख्येत बसते.

उलट मानसिक आरोग्य कायदा, २०१७ याचं कलम ९७ वाचलं आणि मी उठून बसलो. ते मानसिक आजाराच्या रुग्णांसाठी आहे, आमच्यासारख्या सगळ्या संस्थांना लागू होत नाही. पण त्याचं गद्य बघण्यासारखं आहे. एकांतकोठडी नाही. शारीरिक बंधन फक्त तेव्हाच, जेव्हा त्याच क्षणी इजा होण्याचा धोका आहे आणि ती टाळायला दुसरा मार्गच नाही, तेही प्रमुख मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने. गरजेपेक्षा एक क्षण जास्त नाही. कसं बांधलं, का बांधलं, किती वेळ बांधलं, हे लगेच नोंदवायचं. रुग्णाच्या माणसाला चोवीस तासांत कळवायचं. शिक्षा म्हणून नाही, धाक म्हणून नाही. आणि मग एक तुकडा येतो: कर्मचारी कमी आहेत एवढ्याच कारणावरून तर नाहीच.

हे लिहिणाऱ्याने कधीतरी रात्रपाळी जवळून पाहिली असणार. 'दो आँखें बारह हाथ'मध्ये नसलेली गोष्ट इथे आहे. माणसं कमी असतात म्हणून बांधलं जातं, हे इतक्या सरळ मी कुठल्याच कथेत वाचलं नव्हतं. याच कायद्यातलं कलम ९५ कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला पूर्ण बंदी घालतं. त्या ओळीमागे २००१ चं एरवाडी उभं आहे. तमिळनाडूतल्या त्या गावात दर्ग्याच्या आसपासच्या एका आसऱ्यात आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं पळू शकली नाहीत.

मराठी माणूस या कथेत आहे, तोही सांगतो. शीला बारसे ही मुंबईची पत्रकार. १९८० च्या दशकात तुरुंगात डांबलेल्या मुलांसाठी ती सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि मुंबईच्या निरीक्षणगृहातल्या मुलांसाठीही. या दुसऱ्या प्रकरणात १९८६ च्या डिसेंबरात निकाल लागला. मुलांना निरीक्षणगृहात लांबवर ठेवू नका, असं न्यायालयाने सांगितलं. आणि बालगृहांसाठी निष्ठेने काम करणारी माणसं शोधा, त्यांना प्रशिक्षण द्या, आणि अशीच माणसं तिथे नेमा, असंही. चांगलाच निकाल आहे. पण मी 'निष्ठा' या शब्दाशी पुन्हा थांबलो. इथेही आदिनाथच शोधायला सांगितलाय. प्रशिक्षण दुसऱ्या नंबरवर येतं. माझ्यात निष्ठा होती हो. पहिले सहा महिने तर भरपूर होती. गुडघा कुठे ठेवू नये हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

नागपुरातलाच सिनेमा म्हणून 'झुंड'बद्दल दोन वाक्यं. नागराज मंजुळेंचा, २०२२ चा. इथल्याच वस्त्यांतली पोरं त्यात आहेत आणि ती जशी बोलतात तसं आम्ही बोलतो, यानेच मी अर्धा खूश होतो. तिथेही मध्यभागी एक गुरुजी आहे, तोही अमिताभ बच्चन. पण मंजुळे एक वेगळं करतात. ते पोरांना बोलायला वेळ देतात, खूप वेळ, कंटाळा येईल इतका. आणि विमानतळावर सुरक्षा तपासणीत डॉन अडकतो तेव्हा त्याच्यावर कोणी झडप घालत नाही. यंत्र वाजतं, तो परत जातो, पुन्हा येतो, पुन्हा वाजतं. त्या दृश्यात वेळ हेच हत्यार आहे. मला ते बघताना पोटात कालवलं, कारण रात्रपाळीत आमच्याकडे नसलेली एकच वस्तू वेळ होती. चौतीसपैकी एकाला दहा मिनिटं दिली की तेहतीस जण दहा मिनिटं उघडे.

तरीही मी एक प्रयोग केला. प्रयोग म्हणणंही जास्त आहे. संस्थेत रजिस्टरं खूप होती. हजेरीचं, दुधाचं, धान्याचं, भेटायला येणाऱ्यांचं, धोब्याचं. धरल्याचं नव्हतं. मी शंभर पानी वही आणली. तारीख, वेळ, कोणाला, किती मिनिटं, त्याआधी काय चालू होतं, नंतर तो कसा होता. पहिल्या दिवशी लाज वाटली. तिसऱ्या दिवशी लिहावं लागेल म्हणून धरायच्या आधी दोन सेकंद थांबलो. ते दोन सेकंद मला आजवर कोणत्याच पुस्तकाने दिले नाहीत.

तीन आठवड्यांनी वही उघडून बसलो. त्या मुलाच्या नावापुढे अकरा नोंदी. त्यातल्या आठ संध्याकाळी सात ते साडेसातच्या. सात वाजता स्वयंपाकघरात दोन मोठे कुकर लागायचे आणि त्याची जागा स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होती. तो डोकं त्याच भिंतीवर आपटायचा. हे इतकं उघड होतं की मला स्वतःचा राग आला. मी त्याला पावणेसातला मागच्या अंगणात नळाजवळ नेऊन बसवायला लागलो. पाण्यात हात घालून बसायचा. पुढच्या तीन आठवड्यांत चार नोंदी. शून्य नाही, चार. त्यातल्या दोन माझ्या सुट्टीच्या दिवशीच्या होत्या, आणि त्या मला दुसऱ्या पाळीच्या पोराने सांगितल्या म्हणून लिहिता आल्या.

बाहेरच्या देशांत हेच मोठ्या प्रमाणावर करतात हे नंतर वाचलं. प्रत्येक वेळेची नोंद, नंतर मुलाशी आणि धरणाऱ्याशी शांतपणे बोलणं, धरायची वेळ आलीच तर एकाने हात न लावता फक्त चेहरा आणि श्वास बघायचा. त्यात संत कुठे लागत नाही. दोन माणसं आणि एक वही लागते. आमच्याकडे एक माणूस आणि एक वही होती.

वही वरच्यांच्या हाती लागली. ते रागावले नाहीत. त्यांनी मला चहा पाजला. "चांगलं काम करतोस तू," म्हणाले, "पण हे लिहून कायले ठेवतो? उद्या तपासणीत कोनी पाह्यलं तं लोक म्हनतीन, इथं पोराइले मारतात." मी म्हटलं, सर, मारलं नाही, धरलं, तेच तर लिहिलंय. ते म्हणाले, "तुले फरक समजते. कागदाले नाही समजत." वही त्यांनी ठेवून घेतली. त्यांचं वाक्य समीक्षेच्या दृष्टीने फार चांगलं आहे, पण ते चूक आहे. फरक फक्त कागदालाच समजतो. मला चौदा महिने समजला नव्हता.

दोन महिन्यांनी मी नोकरी सोडली. काढलं नाही, सोडली. त्या मुलाला दुसरीकडे हलवलं असं कळलं. तिथे स्वयंपाकघर कुठे आहे ते माहीत नाही.

तर मी खाप्यात परत आलो आणि फोनवर तो सिनेमा पाहिला. आजी शेजारी सुपारी कातरत बसली होती. आमचं घर विणकरांचं. खाप्यात एकेकाळी घरोघर मागाचा आवाज होता, आता कन्हानच्या काठाकडे गेलं तरी क्वचित येतो. आजीने माग सोडून वीस वर्षं झाली. सिनेमात बेडीचं दृश्य आलं तशी ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, "तुलेबी बांधत होतो आमी."

मी सिनेमा थांबवला.

मला हे माहीत नव्हतं. मी दीड-दोन वर्षांचा असताना आई शेतावर जायची आणि आजी मागावर बसायची. मागाच्या खड्ड्यात मी पडेन म्हणून ती जुन्या लुगड्याच्या काठाने माझी कंबर खाटेच्या पायाला बांधायची. माणसं कमी होती. कलम ९७ च्या भाषेत, एवढ्याच कारणावरून.

मी विचारलं, मी रडायचो का.

"रडे ना. कोनतं लेकरू रडत नाही बांधलं तं."

मग?

"मंग काय. माग थांबवो, सोडो, पानी पाजो, आंगनात एक चक्कर मारो, परत बांधो. दिवसातून चार-पाच डाव. तुया आजाले राग ये. म्हने, अशानं लुगडं कवा व्हईन."

किती वेळ बांधून ठेवायचीस एका वेळी?

तिने अडकित्ता खाली ठेवला आणि हाताने हवेत धोटा फेकल्यासारखं केलं, इकडून तिकडे, तिकडून इकडे, मनात मोजत.

"वीतभर इनून होये तोवर," ती म्हणाली. "त्याच्यावर नाही. वीत झाली का उठोच मी. काठावर हळदीची खून करून ठेवत होतो, इसरू नोय म्हनून."